विद्युत जालातील बिघाडांचे कारणनिदान

विद्युत जालातील बिघाडांचे कारणनिदान म्हणजे वीजनिर्मिती केंद्रे, पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे, रोहित्रे आणि वितरण वाहिन्या यांच्या परस्परांशी जोडलेल्या व्यवस्थेत उद्भवलेला बिघाड कोठे झाला, कसा पसरला आणि मुळात का झाला, हे पुराव्यांच्या आधारे ठरविण्याची प्रक्रिया होय. या व्यवस्थेला शास्त्रीय लेखनात 'विद्युत जाल' आणि वृत्तपत्रांत 'ग्रिड' म्हणतात. बिघडलेला भाग काही सहस्रांश सेकंदांत आपोआप वेगळा करणे हे रक्षणव्यवस्थेचे काम असते. कारणनिदान त्यानंतर सुरू होते आणि त्याला काही मिनिटांपासून काही महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो.

बिघाड जेथे दिसतो तेथेच त्याचे कारण असते असे नाही, ही या विषयातील मुख्य अडचण आहे. एखादी वाहिनी बंद पडते तेव्हा तिच्यावर खरोखर काही बिघाड झालेला असतो किंवा तिच्या रक्षणयंत्रणेचा केवळ तसा समज झालेला असतो. दोन्ही प्रसंगांत ग्राहकाला दिसणारा अंधार सारखाच असतो, उपाय मात्र वेगळे असतात. निदान अपुरे राहिले तर तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ झालेली दोन ग्रिडपतने हे याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

संज्ञा

'निदान' हा शब्द आयुर्वेदातून आला आहे. तेथे त्याचा मूळ अर्थ 'रोगाचे कारण' असा असून रोग ओळखणे हा अर्थ पुढे रूढ झाला. विद्युत अभियांत्रिकीत हे दोन्ही अर्थ लागू पडतात.

बोलण्यात 'लाइट गेली' या एकाच वाक्प्रयोगात अनेक घटना सामावतात. तांत्रिक लेखनात त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. विद्युतप्रवाहाने आपला ठरलेला मार्ग सोडून जमिनीकडे किंवा दुसऱ्या तारेकडे जाणे याला 'दोष' म्हणतात. शॉर्टसर्किट हा त्याचाच एक प्रकार. दोष ओळखून रिलेने ब्रेकर उघडला की वाहिनी 'ट्रिप' झाली असे म्हणतात. ट्रिप हा परिणाम आहे, कारण नव्हे. त्यामुळे अहवालात 'वाहिनी ट्रिप झाल्याने पुरवठा बंद' एवढेच लिहिलेले असेल तर निदान अद्याप झालेले नाही असे समजावे. दोषाचे तात्कालिक कारण (उदा. तारेला फांदीचा स्पर्श) आणि मूळ कारण (छाटणी वेळेवर न होणे, किंवा भार वाढल्याने तार तापून खाली येणे) हेही वेगळे असते.

बिघाडांची कारणे आणि त्यांच्या खुणा

उघड्यावरील तारांच्या वाहिन्यांवर सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे तीनपैकी एका फेजचा जमिनीशी संबंध येणे. दोन फेज एकमेकांना भिडणे, दोन फेज एकाच वेळी जमिनीशी जोडले जाणे आणि तिन्ही फेजचे शॉर्टसर्किट होणे हे अन्य प्रकार होत. तिन्ही फेजचा दोष सर्वांत विरळ असतो. वाहिनीत वीज सोडल्याच्या क्षणीच तो उद्भवला, तर देखभालीच्या वेळी लावलेले भूसंपर्काचे दांडे काढायचे राहून गेले असावेत, अशी शंका अनुभवी अभियंता प्रथम घेतो.

असंतुलित दोषांचे गणित सुलभ करण्याचे श्रेय अमेरिकन अभियंता चार्ल्स फोर्टेस्क्यू यांना जाते. कोणत्याही असंतुलित तीन-फेज प्रवाहाची मांडणी धन, ऋण आणि शून्य अशा तीन संतुलित अनुक्रमांच्या बेरजेच्या रूपात करता येते, हे त्यांनी १९१८ मध्ये दाखविले. या रीतीने पाहता शून्य अनुक्रमाचा प्रवाह आढळला तर दोषात जमीन सामील आहे. तो नसून ऋण अनुक्रम असेल तर दोन फेज एकमेकांना भिडले आहेत. दोन्ही नसतील तर दोष तिन्ही फेजचा आहे, असा निष्कर्ष निघतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही पद्धत आजच्या अंकीय रिलेतही वापरली जाते.

दोषाचा प्रकार कळला म्हणजे कारण कळले असे नाही. त्यासाठी वेळ, ऋतू, हवामान, वाहिनीवरील भार आणि परिसर यांची सांगड घालावी लागते. तारेवर किंवा मनोऱ्यावर वीज कोसळली तर प्रवाह एकदम वाढतो. ब्रेकर उघडल्यावर ठिणगीची वाट विझते आणि सुमारे सेकंदाच्या अवधीनंतर वाहिनी आपोआप पुन्हा जोडली की ती बहुधा टिकते. झाडाच्या स्पर्शाने होणारा दोष याच्या उलट असतो. तो बहुधा दुपारी, उष्ण हवेत आणि जास्त भार असताना होतो. त्यात रोध अधिक असतो आणि वाहिनी पुन्हा जोडताच तोच दोष परत येतो, कारण फांदी जागची हललेली नसते. उत्तर भारतात हिवाळ्याच्या पहाटे दाट धुक्यात अनेक वाहिन्या एकाच सुमारास ट्रिप होतात. इन्सुलेटरवर साचलेली धूळ आणि काजळी धुक्याने ओली झाली की तिच्यातून प्रवाह वाहू लागतो. इन्सुलेटर धुणे किंवा चिनी मातीऐवजी बहुवारिकाचे इन्सुलेटर बसविणे हे त्यावरील उपाय होत.

महाराष्ट्रातील वितरण वाहिन्यांवर पहिल्या पावसात होणारे बिघाड परिचयाचे आहेत. उन्हाळाभर तापलेल्या चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरवर थंड पाण्याचे थेंब पडताच त्यांना तडे जातात. अशी तड जमिनीवरून दिसत नाही. त्यामुळे फीडर सतत ट्रिप होत राहतो आणि वायरमनला भर पावसात, अनेकदा रात्री, खांबामागून खांब तपासत जावे लागते. लांब फीडरचे दोन भाग करून एकेक भाग चालू करून पाहणे, बिघाड ज्या अर्ध्यात असेल त्याचे पुन्हा दोन भाग करणे, ही जुनी रीत आजही वापरात आहे आणि ती तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटविले जाते, तेव्हा उच्चदाब वाहिनीखालची हवा तापून विरळ होते, धुरातील कार्बनकणांची तिच्यात भर पडते आणि तारेपासून जमिनीपर्यंत ठिणगी उडू शकते. पक्ष्यांची घरटी व विष्ठा, पतंगाचा मांजा, साप, माकडे, रस्त्याच्या खोदकामात यंत्राने तुटलेली केबल अशी इतर कारणेही नोंदींत नेहमी आढळतात.

निदानाच्या दृष्टीने सर्वांत घातक दोष रिलेला ओळखूच येत नाही. कोरड्या जमिनीवर, खडीवर किंवा डांबरी रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असू शकतो की यंत्रणेला तो एखाद्या सामान्य ग्राहकाच्या भारासारखा वाटतो. ब्रेकर उघडत नाही, तार जिवंत राहते आणि माणसे व जनावरे दगावतात. या 'उच्चरोधी' दोषांची खूण प्रवाहाच्या आकारात नसून त्याच्या अनियमित थरथरीत असते. ती हेरणाऱ्या पद्धतींवर अनेक दशके संशोधन चालू आहे. तरीही पडलेल्या तारेपासून दूर राहणे आणि ताबडतोब उपकेंद्राला कळविणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

पुरावे आणि त्यांची वेळ

उपकेंद्रातील तीन प्रकारच्या नोंदी निदानासाठी उपयोगी पडतात. घटनानोंदक कोणता रिले व कोणता ब्रेकर केव्हा हलला हे सहस्रांश सेकंदापर्यंत लिहून ठेवतो. विक्षोभनोंदक बिघाडाच्या आधीचे व नंतरचे काही क्षण विद्युतदाब आणि प्रवाह यांचे तरंगरूप साठवितो. त्याची तुलना हृदयालेखाशी करता येईल. नियंत्रण कक्षातील 'स्काडा' प्रणाली संपूर्ण जालाचे चित्र दाखविते, परंतु ते काही सेकंदांच्या अंतराने घेतलेले असते. ग्रिडपतनाचा निर्णायक भाग काही वेळा तेवढ्यातच आटोपतो.

ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे 'फेजर मापन एकक'. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांनी १९८८ मध्ये त्याचा पहिला नमुना सिद्ध केला. फडके हे खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. या दोघांना २००८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक देण्यात आले. हे उपकरण विद्युतदाबाचा केवळ आकार मोजत नाही, तर त्याचा कोनही मोजते, आणि प्रत्येक मापनावर जीपीएस उपग्रहांकडून मिळालेल्या अचूक वेळेचा शिक्का मारते. शेकडो किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांचे कोन त्यामुळे एकाच क्षणी ताडून पाहता येतात. ५० हर्ट्झच्या जालात एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांत पूर्ण होते. घड्याळात एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली तरी कोनात केवळ ०.०१८ अंशाचा फरक पडतो. दोन विभागांमधील कोन वाढत जाणे म्हणजे त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांवरील ताण वाढत जाणे होय.

वेळेचे हे महत्त्व कागदावर वाटते त्याहून फार मोठे आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडात झालेल्या ग्रिडपतनाच्या चौकशीत बऱ्याच नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नसल्याचे आढळले. हजारो घटनांचा क्रम लावण्यासाठी तपास पथकाला एकेका नोंदीची दुसरीशी पडताळणी करावी लागली. कारण आधी आणि परिणाम नंतर, हा तर्काचा प्राथमिक नियम. पण आधी काय झाले हेच ठाऊक नसेल तर तो लावायचा कोठे? नोंदयंत्रे प्रमाणवेळेशी जुळविणे त्यानंतर उत्तर अमेरिकेत बंधनकारक करण्यात आले. भारतातील नियमांनुसार मोठ्या बिघाडानंतर घटनानोंदक व विक्षोभनोंदक यांतील माहिती भारप्रेषण केंद्राकडे २४ तासांच्या आत पाठवावी लागते.

बिघाडाची जागा शोधणे

वाहिनीवरील दोषाचे ठिकाण काढण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली संरोधावर आधारलेली आहे. संरोध म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध. तो वाहिनीच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. समजा, एखाद्या वाहिनीचा संरोध दर किलोमीटरला ०.३३ ओहम आहे आणि दोषाच्या वेळी रिलेने दाब भागिले प्रवाह करून १६.५ ओहम हे उत्तर काढले. तर दोष सुमारे ५० किलोमीटरवर असला पाहिजे. दोषाच्या ठिकाणी ठिणगीचा, झाडाचा किंवा मातीचा जो रोध असतो तोही या मापनात मिसळतो, म्हणून हे उत्तर काही किलोमीटरने चुकू शकते.

दुसरी पद्धत प्रवासी तरंगांची. दोष होताच त्या जागेपासून दोन्ही दिशांना विद्युत तरंग निघतात आणि उघड्या तारांवरून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका दशलक्षांश सेकंदात सुमारे ३०० मीटर, धावतात. दोन्ही टोकांना तो केव्हा पोहोचला याच्या वेळांतील फरकावरून जागा निघते. १२० किलोमीटर लांबीच्या वाहिनीच्या एका टोकाला तरंग दुसऱ्या टोकापेक्षा १०० दशलक्षांश सेकंद आधी पोहोचला, तर दोन मार्गांतील फरक ३० किलोमीटर. म्हणून दोष जवळच्या टोकापासून ४५ किलोमीटरवर आहे. वेळेत एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाल्यास जागेत सुमारे १५० मीटरची चूक होते, म्हणजे शोध एकदोन मनोऱ्यांपुरताच उरतो. डोंगराळ किंवा जंगली भागात गस्त घालणाऱ्या पथकाचे यामुळे वाचणारे कष्ट सहज लक्षात येतील.

भूमिगत केबलचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे तंत्र निराळे आहे. मेगर या उपकरणाने आवरणाचा रोध मोजून कोणती फेज बिघडली हे प्रथम ठरवितात. केबलमध्ये लहान स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. शेवटी उच्च दाबाचे धक्के देऊन, बिघाडाच्या जागी जमिनीखाली होणारा 'धप्प' असा आवाज श्रवणयंत्राने ऐकतात आणि तेथेच खोदतात.

रोहित्रांचे निदान

तेलाने भरलेल्या रोहित्राचे निदान बरेचसे वायूंवरून होते. जर्मन अभियंता माक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये तयार केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा रिले टाकी व वरचे तेलपात्र यांना जोडणाऱ्या नळीत बसवितात. आत हळूहळू वायू तयार होत असेल तर तो इशारा देतो आणि तेल एकदम उसळले तर रोहित्र बंद करतो.

तेलात विरघळलेल्या वायूंचे विश्लेषण याहून सूक्ष्म माहिती देते. हायड्रोजनचे आधिक्य अंशतः विसर्जनाकडे, इथिलीनचे तेल फार तापल्याकडे, अॅसिटिलीनचे आत ठिणग्या उडत असल्याकडे आणि कार्बन मोनॉक्साइडचे कागदी आवरण जळत असल्याकडे निर्देश करते. कॅनडातील मिशेल ड्युव्हाल यांनी मिथेन, इथिलीन व अॅसिटिलीन यांच्या प्रमाणावरून दोषाचा प्रकार दाखविणारा त्रिकोण तयार केला असून तो जगभर वापरला जातो. एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे. काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांत वायू किती वेगाने वाढत आहे हे अधिक बोलके असते. गावातील लहान रोहित्राच्या, म्हणजे लोकभाषेतील 'डीपी'च्या, वाट्याला अशी चाचणी सहसा येत नाही. ती जळते आणि बदलली जाते. अतिरिक्त भार, तेलाची गळती वा चोरी आणि फ्यूजच्या जागी बांधलेली जाड तार ही तिच्या जळण्याची नेहमीची कारणे आहेत. भार तोच ठेवून डीपी बदलली तर नवी डीपीही जळते.

रक्षणव्यवस्थेचे वर्तन

उच्चदाब वाहिनीवर 'अंतर रिले' बसविलेला असतो. तो वर सांगितल्याप्रमाणे संरोध मोजतो आणि अंतराचे पट्टे पाडतो. पहिला पट्टा वाहिनीच्या सुमारे ८० टक्के लांबीचा असून त्यात दोष दिसताच ब्रेकर तत्काळ उघडतो. दुसरा पट्टा वाहिनीच्या टोकापलीकडे थोडा जातो आणि त्यातील कृती अर्धा सेकंद किंवा त्याहून थोड्या कमी अवधीने होते. तिसरा पट्टा शेजारच्या वाहिनीपर्यंत पोहोचतो. तेथील रिले निकामी ठरलाच तर उपयोगी पडावा म्हणून तो अधिक वेळ थांबतो.

हा तिसरा पट्टा अनेक मोठ्या ग्रिडपतनांत दोषी ठरला आहे. वाहिनीवर फार मोठा भार आला आणि त्याच वेळी विद्युतदाब घसरला, तर दाब भागिले प्रवाह हे गुणोत्तर इतके लहान होते की रिलेला तो दूरचा दोष वाटतो. प्रत्यक्षात दोष कोठेच नसतो. अशा वेळी सर्वांत गरजेची वाहिनी सर्वांत वाईट क्षणी बंद पडते आणि तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जाऊन त्याही याच मार्गाने जातात. रक्षणव्यवस्थेतील जो उणेपणा नेहमीच्या स्थितीत लपून राहतो आणि जालावर ताण आल्यावरच प्रकट होतो, त्याला फडके, थॉर्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रच्छन्न बिघाड' अशा अर्थाची संज्ञा वापरली.

जुलै २०१२ ची ग्रिडपतने

२०१२ मध्ये भारतातील उत्तर, पूर्व, ईशान्य व पश्चिम ही चार विभागीय जाले एकमेकांशी समकालिक जोडलेली होती. दक्षिणेचे जाल ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने त्यांना जोडले गेले. जुलै २०१२ मध्ये पाऊस लांबल्याने उत्तर भारतात सिंचनाच्या पंपांची मागणी वाढली होती आणि काही राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज उचलत होती. पश्चिमेकडे मात्र मागणी कमी व निर्मिती जास्त होती. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या अनेक वाहिन्या देखभालीसाठी किंवा बिघाडामुळे बंद असल्याने बिना–ग्वाल्हेर–आग्रा या ४०० किलोव्होल्ट मार्गाच्या एकाच मंडलावर बहुतेक बोजा आला होता.

३० जुलै रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बिना–ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली. नोंदींत त्या वेळी कोणताही दोष आढळत नाही. तिसऱ्या पट्ट्याच्या रिलेने भारालाच दोष मानले होते. पश्चिमेची वीज आता पूर्व विभागातून वळसा घालून उत्तरेकडे जाऊ लागली. दोन टोकांच्या जनित्रांमधील कोन वाढला, शक्तीचे हेलकावे सुरू झाले आणि पूर्व व उत्तर विभागांच्या सीमेवरील वाहिन्या एकामागून एक तुटल्या. एकट्या पडलेल्या उत्तर विभागाची वारंवारता कोसळली. अशा वेळी काही भार आपोआप तोडून जाल वाचविण्यासाठी बसविलेल्या रिलेंकडून अपेक्षित मदत मिळाली नाही. सुमारे ३६,००० मेगावॉट भार बंद पडला.

पुरवठा त्याच दिवशी पूर्ववत झाला, परंतु मूळ परिस्थिती बदलली नव्हती. ३१ जुलै रोजी दुपारी १ वाजता तीच बिना–ग्वाल्हेर वाहिनी त्याच रीतीने ट्रिप झाली. या वेळी हेलकाव्यांचे केंद्र पूर्व विभागात, पश्चिमेच्या सीमेजवळ होते. म्हणून उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य विभागही पश्चिमेपासून तुटून कोसळले. सुमारे ४८,००० मेगावॉट भार बंद पडला. बाधित प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ६० कोटी होती. दिल्लीची मेट्रो थांबली, रेल्वेगाड्या जागोजागी खोळंबल्या आणि पूर्वेकडील कोळसा खाणींत कामगार अडकून पडले. त्यांना पुढे सुखरूप बाहेर काढण्यात आले. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा यांचा पश्चिम विभाग दोन्ही दिवशी टिकून राहिला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १६ ऑगस्ट २०१२ रोजी अहवाल सादर केला. पतनास कोणतेही एकच कारण जबाबदार नसल्याचे तिने म्हटले. एकाच वेळी बंद असलेल्या वाहिन्यांमुळे क्षीण झालेले आंतरविभागीय मार्ग, उरलेल्या मार्गावरील अतिभार, भार व निर्मिती कमी करण्याच्या सूचनांना राज्य केंद्रांचा अपुरा प्रतिसाद आणि शेवटी त्या वाहिनीचे तुटणे, असा क्रम तिने मांडला. त्या दिवसांत काही राज्यांवर अधिक वीज उचलल्याचा ठपका ठेवला गेला आणि तो वस्तुस्थितीला धरून होता. तथापि दोन्ही पतनांपूर्वी जालाची वारंवारता अनुक्रमे ४९.६८ व ४९.८४ हर्ट्झ, म्हणजे ५० च्या बरीच जवळ होती. देशभरातील एकूण विजेचा तुटवडा हे तात्कालिक कारण नव्हते, हे या एका आकड्यावरून कळते. वीज पुरेशी होती, पण तिला जाण्यासाठी वाट उरली नव्हती. वाचकांच्या मनात आजही रूढ असलेला 'राज्यांनी वीज ओढली म्हणून ग्रिड पडली' हा समज त्यामुळे अर्धवट ठरतो.

अन्य देशांतील उदाहरणे

९ नोव्हेंबर १९६५ रोजी ईशान्य अमेरिका व कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. नायगारा धबधब्याजवळील सर अॅडम बेक वीजकेंद्राच्या एका वाहिनीवरील राखीव रिलेची मर्यादा प्रत्यक्ष भाराच्या मानाने फार खाली ठेवलेली होती, हे शोधून काढण्यास काही दिवस लागले.

२००३ च्या पतनाचा आरंभ ओहायो राज्यात झाला. भाराने तापून खाली आलेल्या ३४५ किलोव्होल्टच्या तारा झाडांना लागल्या आणि एकेक वाहिनी गेली. संगणकीय आज्ञावलीतील एका दोषामुळे नियंत्रण कक्षातील इशारा देणारी प्रणाली आधीच बंद पडली होती. कर्मचाऱ्यांना सारे सुरळीत वाटत होते. अखेरीस सॅमिस–स्टार ही वाहिनी तिसऱ्या पट्ट्याच्या रिलेने तुटली, आणि नऊ वर्षांनंतर ग्वाल्हेरजवळ घडले तसेच तिच्यावरही त्या क्षणी दोष नव्हता. सुमारे ५ कोटी लोकांना त्याची झळ बसली.

इंग्लंडमधील ९ ऑगस्ट २०१९ चा प्रसंग लहान, पण निदानाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एका ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर वीज कोसळली; रक्षणव्यवस्थेने दोष ठरल्याप्रमाणे दूर केला. तरीही हॉर्नसी येथील समुद्रातील पवनऊर्जा प्रकल्प व लिटल बारफर्ड येथील वायुविद्युत केंद्र जवळजवळ एकाच वेळी बंद पडले, वारंवारता ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि १० लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा तोडावा लागला. वीज कोसळणे हे निमित्त होते. कारण त्या धक्क्याला दोन केंद्रांनी दिलेल्या प्रतिसादात होते.

मुंबई, २०२०

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. शहराला वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या आणि उरलेल्यांपैकी काही ट्रिप झाल्या. अशा प्रसंगी मुंबईला उर्वरित जालापासून वेगळे करून स्थानिक केंद्रांच्या विजेवर चालू ठेवणारी 'बेटीकरण' योजना पूर्वीपासून होती. ती या वेळी यशस्वी झाली नाही. लोकल गाड्या थांबल्या, आणि महासाथीच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांवर अवलंबून राहावे लागले.

या घटनेच्या कारणाबाबत पुढे मतभेद झाले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा आधार घेऊन सायबर घातपाताची शक्यता व्यक्त केली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र सायबर हल्ल्यामुळे नव्हे, तर मानवी चुकीमुळे पुरवठा खंडित झाल्याचे सांगितले. संगणक प्रणालीत घातक आज्ञावली आढळणे आणि तिच्यामुळेच विशिष्ट ब्रेकर उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करण्यासाठी तो ब्रेकर कोणाच्या आदेशाने उघडला, रिलेच्या की दूरस्थ आज्ञेच्या, हे घटनानोंदकातील वेळेशी ताडून दाखवावे लागते.

नूतन ऊर्जेमुळे बदललेले स्वरूप

सौर व पवन प्रकल्प जालाला इन्व्हर्टरमार्फत जोडलेले असतात. फिरणारे जनित्र दोषाच्या वेळी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह सोडते. इन्व्हर्टर मात्र स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपला प्रवाह नेहमीपेक्षा थोडाच वाढू देतो आणि त्याचा आकार त्यातील आज्ञावली ठरविते. मोठा प्रवाह म्हणजे दोष, या गृहीतावर बेतलेल्या रिलेंना व स्थाननिश्चितीच्या सूत्रांना त्यामुळे चुकीची उत्तरे मिळू शकतात. राजस्थान व गुजरातसारख्या सौरसमृद्ध भागांत हा प्रश्न व्यवहाराचा झाला आहे.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगालमध्ये दुपारी झालेल्या ग्रिडपतनात विद्युतदाब घसरण्याऐवजी वाढत गेला आणि वाढलेल्या दाबामुळे निर्मिती केंद्रे साखळीने बंद पडली. युरोपातील तज्ज्ञमंडळाने या प्रकारचे पतन तेथील जालात प्रथमच घडल्याचे नमूद केले. मोठ्या केंद्रांबरोबर असंख्य लहान सौर संचांचेही वर्तन अशा चौकशीत पाहावे लागते, आणि घराच्या छपरावरील संचाजवळ विक्षोभनोंदक नसतो.